पाकिटांतून जाणारा आवाज

मंडळी, मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्रांशी माझी ओळख तुमच्याइतकीच, कदाचित थोडी कमीच. तेव्हा आज जे सांगणार आहे ते यंत्रशास्त्रावरचे व्याख्यान नव्हे. इंटरनेटवरून आपण जे बोलतो आणि एकमेकांचे चेहरे पाहतो, ती सोय कशी घडत गेली याची ही हकीकत आहे. या हकीकतीच्या मागे मी लागलो तो माझ्याच एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगून टाकतो.

२०२० सालची दिवाळी नुकतीच झाली होती. करोनाच्या साथीमुळे कॉलेजे बंद होती आणि आम्ही प्राध्यापक मंडळी घरात बसून मोबाईलसमोर तास घेत होतो. त्या दिवशी पानिपत चालले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली, पण नानासाहेब पेशव्यांना ती वार्ता कळली दहाएक दिवसांनी, माळव्यात भेलशाजवळ, एवढे मी सांगितले आणि एका मुलीला विचारले, "ती बातमी त्यांना कशी कळली?" उत्तर नाही. पुन्हा विचारले. काहीतरी तुटके, घोगरे ऐकू आले. पण तेवढ्यात मीच बोलू लागलो होतो, त्यात ते बुडून गेले. "लक्ष द्यायचं नसेल तर तासाला बसता कशाला?" असे म्हणून मी पुढे गेलो.

संध्याकाळी तिचा निरोप आला. "सर, मी तीन वेळा उत्तर दिलं. सावकाराच्या पत्रानं, असं म्हणाले. तुम्हांला ऐकू गेलं नाही." घरात रेंज मिळत नाही म्हणून ती गावामागच्या टेकडीवर, उन्हात उभी राहून तास ऐकत होती. उत्तर तर बरोबर होतेच. उशिरा पोचलेल्या बातमीवर मी शिकवत होतो, आणि उशिरा पोचलेले उत्तर मला ओळखता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले आणि विचारले, "मधले शब्द जातात तरी कुठे?" त्यांनी जे सांगितले आणि पुढे मी जे वाचले, ते आता तुमच्यासमोर ठेवतो.

प्रथम जुना टेलिफोन आठवा. १० मार्च १८७६ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दुसऱ्या खोलीतल्या आपल्या मदतनिसाला तारेवरून बोलावून घेतले. सहा वर्षांत, म्हणजे १८८२ साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरूही झाले. या टेलिफोनची रीत अशी की, तुम्ही बोलायला लागलात म्हणजे तुमच्यापासून पलीकडच्या माणसापर्यंत एक सलग वाट राखून ठेवायची. बोलणे संपेपर्यंत त्या वाटेवर तिसऱ्याला मज्जाव. तुम्ही गप्प बसलात तरी वाट तुमचीच. सारे गाव थांबवून एकाच बैलगाडीसाठी रस्ता मोकळा ठेवावा, तसे हे होते. बोलणे त्यामुळे स्वच्छ ऐकू येई. पण ते महाग पडे. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर लावायचा आणि तासन्‌तास वाट पाहायची. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान आपल्या देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि मधला ऑपरेटर गेला. राखीव वाटेचे भाडे मात्र गेले नाही. माझ्या विद्यार्थिदशेत एसटीडीच्या बूथमध्ये, पुढ्यातले लाल आकडे वाढताना पाहत, आम्ही मनातले निम्मे बोलणे गिळून टाकत असू.

आता दुसरी रीत पाहा. १९६० नंतरच्या चारपाच वर्षांत दोन माणसांना, एकमेकांना ठाऊक नसताना, जवळजवळ एकच कल्पना सुचली. अमेरिकेत पॉल बॅरन यांना चिंता होती ती युद्धाची. शत्रूने मुख्य एक्स्चेंजच उडवले तर सगळे दळणवळण थांबेल, हा त्यांचा प्रश्न. इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांची अडचण निराळी होती. संगणक एकमेकांशी बोलतात ते थांबून थांबून, झटक्याझटक्याने. त्यांच्यासाठी सबंध वाट अडवून ठेवणे ही निव्वळ उधळपट्टी, असे त्यांचे म्हणणे. दोघांचे उत्तर एकच. संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रमांक घालावा, आणि जी वाट मोकळी असेल तिने त्याला सोडून द्यावे. पलीकडे तुकडे क्रमाने लावून घ्यावेत. या तुकड्याला डेव्हिस यांनी 'पॅकेट' हे नाव दिले. आपल्याला ते परके वाटायचे कारण नाही. आपल्या टपालाचे पाकीटच ते!

या रीतीने चालणारे जाळे अमेरिकेत उभे राहिले, त्याचे नाव आर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यावरून पहिला शब्द धाडायचा होता 'लॉगिन'. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरे गेली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. इंटरनेटच्या या पूर्वजाचा पहिला निरोपच अर्धवट पोचला होता, एवढे ध्यानात असू द्या.

पाकिटातून मजकूर जातो हे ठीक. आवाज कसा जायचा? त्यासाठी आवाजाचे आकडे करावे लागतात. ही युक्ती अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करीत असताना, १९३७-३८ च्या सुमारास शोधली होती. आवाज म्हणजे हवेतली लाट. त्या लाटेची उंची ठरावीक वेळाने मोजत राहायचे आणि ते आकडे पाठवायचे. टेलिफोनसाठी पुढे जे माप ठरले ते असे : सेकंदाला ८,००० वेळा मोजायचे आणि दर मोजणी ८ बिटांत लिहायची. बिट म्हणजे शून्य किंवा एक, यांपैकी एक खूण. आठ गुणिले आठ हजार, म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याला ६४,००० बिट झाले. आणि आर्पानेटच्या तारेतून जात होते सेकंदाला ५०,०००. पोते मोठे आणि दार लहान! तारेतून सेकंदाला किती बिट जाऊ शकतात, या दाराच्या रुंदीला आज आपण 'बँडविड्थ' म्हणतो.

मग पोते लहान करणे आले. यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. बिष्णु अटल यांचा जन्म १९३३ सालचा, कानपूरचा. लखनौ आणि बंगलोर येथे शिकून ते १९६१ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये दाखल झाले. तेथे त्यांनी मॅनफ्रेड श्रोडर यांच्यासह, आणि तिकडे जपानात फुमितादा इताकुरा यांनी स्वतंत्रपणे, आवाज थोडक्यात लिहिण्याची नवी पद्धत बसवली. ती कशी, ते पेटीच्या उदाहरणाने सांगतो. मला तुमच्याकडे एखादे गाणे पोचवायचे आहे. सगळा नाद जसाच्या तसा भरून पाठवण्याऐवजी मी फक्त स्वरलिपी पाठवली आणि तुम्ही ती आपल्या पेटीवर वाजवून घेतली, तर ओझे किती हलके होईल! अटल यांच्या पद्धतीत हेच होते. या क्षणी घशाचा आणि तोंडाचा आकार कसा आहे, स्वर उंच की खालचा, एवढ्याच खुणा जातात. पलीकडचे यंत्र त्यांवरून आवाज पुन्हा उभा करते. असे लिहिणारे आणि वाचणारे जे साधन, त्याला म्हणतात 'कोडेक'. आज तुमच्या मोबाईलमध्ये असे कोडेक बसलेले आहेत. तेव्हा फोनवर ऐकू येते ती आईची प्रत्यक्ष हाक नसते; तिच्या हाकेच्या लिपीवरून तुमच्या हातातल्या यंत्राने म्हणून दाखवलेली ती हाक असते.

आता १९७४ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी यांनी आर्पानेटवरून प्रत्यक्ष बोलणे करून दाखवले. एक टोक पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसजवळ. दुसरे पूर्व किनाऱ्यावर, बोस्टनजवळच्या लिंकन प्रयोगशाळेत. डिसेंबरात याच जाळ्यावर अटल यांच्या मार्गाने जाणारा कोडेक वापरून पुन्हा बोलणे झाले, तेव्हा सेकंदाला सुमारे साडेतीन हजार बिटच पुरले. बेल यांच्या बोस्टनच्या परिसरात, ९८ वर्षांनी, आवाज पाकिटात बसून पोचला.

पण खरी अडचण पुढेच होती, आणि माझ्या चुकीचे मूळही तेथेच आहे. जाळ्याचे नियम पत्रासाठी केलेले होते. नियमाला तिकडे 'प्रोटोकॉल' म्हणतात. आपण रिवाज म्हणू. रिवाज असा की, एक जरी पाकीट हरवले तरी मागची सगळी थांबवायची, हरवलेले पुन्हा मागवायचे आणि मग पुढे जायचे. पत्राला, हिशेबाला, सातबाराच्या उताऱ्याला हाच रिवाज योग्य. उशीर झाला तर चालेल, पण एक अक्षर गळता कामा नये. बोलण्याचे तसे नाही. "अहो, पाय जपून टाका, पुढे साप आहे," यातला 'अहो' गळाला तरी चालेल. पण 'अहो' शोधण्यात सगळे वाक्य अडले तर ऐकणाऱ्याचा पाय पडून जाईल. बोलण्यात उशिरा आलेले पाकीट म्हणजे वरातीमागून घोडे. ते आले काय आणि न आले काय!

कोहेन यांचा आग्रह असा की, बोलण्यासाठी पूर्णतेपेक्षा वेळ महत्त्वाची. व्हिंट सर्फ, जॉन पोस्टेल इत्यादी जाळ्याच्या कारभाऱ्यांशी चर्चा झाल्या आणि १९७८ च्या सुमारास जुन्या रिवाजाचे दोन भाग करण्यात आले. पाकीट पत्त्यावर नेण्याचे काम 'आयपी'कडे आणि काही हरवले असता भरून देण्याची हमी 'टीसीपी'कडे. ज्याला हमी नको त्याच्यासाठी १९८० साली 'यूडीपी' नावाचा वेगळा रिवाज लिहिला गेला. तो अवघ्या तीन पानांत मावतो. पाकीट सोडा, मागे वळून पाहू नका, एवढाच त्याचा मथितार्थ. आज इंटरनेटवरचे बहुतेक बोलणे शक्य तेथे याच वाटेने जाते. गळती पत्करून वेळ साधायची, हा सौदा त्या वेळी झाला, आणि आपण रोज फोनवर बोलतो ते त्या सौद्यावरच.

आता आपल्या कानावर नेहमी पडणारे दोनचार शब्द सहज उलगडतील.

'लेटन्सी' म्हणजे विलंब. माझ्या तोंडून शब्द निघाल्यापासून तुमच्या कानी पडेपर्यंतचा वेळ. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर धरले, तर सेकंदाचा सोळावा हिस्सा निव्वळ प्रवासातच जाणार. त्यात कोडेकची लिहा-वाच आणि वाटेतल्या नाक्यांवरची रांग मिळवा. हा विलंब एका बाजूने १५० सहस्रांश सेकंदापर्यंत असला तर माणसाला खटकत नाही, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात, मग दोघेही एकदम थांबतात.

'जिटर' म्हणजे विलंबातला अनियमितपणा. बोलण्याचे पाकीट सहसा २० सहस्रांश सेकंदांचे असते, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे. ती निघतात एका तालात. पोचतात मात्र बाजारच्या दिवशीच्या एसटीसारखी, एक लवकर, दोन उशिरा, तीन एकदम. यावर उपाय म्हणून ऐकणाऱ्याचे यंत्र पाकिटे आल्या आल्या वाचत नाही. अंगणात क्षणभर थांबवून, क्रमाने लावून, मग आत घेते. हे अंगण म्हणजे 'बफर'. अंगण मोठे ठेवले तर बोलणे सलग, पण उशिरा. लहान ठेवले तर लवकर, पण तुटक.

हरवलेल्या पाकिटाच्या जागी यंत्र मागचाच नाद थोडा लांबवून भोक बुजवते. एखाददुसरे पाकीट असेल तर कळतही नाही. ओळीने बरीच गळाली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. टेकडीवरच्या त्या मुलीचे उत्तर मला घोगरे ऐकू आले, ते असे.

चित्राची कथा थोडी निराळी. चेहरा पाहून बोलण्याची हौस जुनीच. १९३६ साली जर्मनीत बर्लिन आणि लाइपझिग यांच्या दरम्यान तशी सार्वजनिक सोय होती. अमेरिकेत एका बड्या टेलिफोन कंपनीने १९६४ साली 'पिक्चरफोन' मांडला. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन तीन मिनिटांना १६ डॉलर! १९७० साली पिट्सबर्ग शहरी त्याची सेवा सुरू केली. पण गिऱ्हाईक मिळेना आणि काही वर्षांत तो गुंडाळावा लागला. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडेही तसलेच यंत्र हवे, मग पहिला घेणारा बोलणार कोणाशी?

शिवाय चित्राचे ओझे प्रचंड. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे साधे रंगीत चित्र सेकंदाला २५ वेळा, न आवळता पाठवायचे म्हटले तर सुमारे १८ कोटी बिट लागतात; टेलिफोनच्या आवाजाच्या जवळजवळ २,९०० पट. येथेही एक भारतीय नाव येते. बंगलोरला जन्मलेले नासिर अहमद यांनी चित्र आवळण्याची एक गणिती कल्पना मांडून अनुदान मागितले, तेव्हा ते नाकारण्यात आले; कल्पना फारच सोपी आहे, असे परीक्षकांचे मत पडले. त्यांनी नाद सोडला नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा लेख जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. साल तेच बरे का! डोळ्याला जे फारसे जाणवत नाही ते वेगळे काढून टाकता येईल, अशी चित्राची मांडणी त्या गणिताने साधते. १९८८ साली दृश्यसंभाषणासाठी जे प्रमाण ठरले, त्यात हे गणित घेतले आहे. त्याच्या जोडीला दुसरी युक्ती : मागच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवायचे. तुम्ही बोलत असता तेव्हा ओठ हलतात, मागची भिंत हलत नाही. मग भिंत पुन्हा पुन्हा का पाठवावी? म्हणूनच कोणी एकदम हात हलवला, वा मागे पंखा फिरू लागला, की दुबळ्या रेंजवर चित्राचे चौकोन चौकोन होतात.

यापुढची वाट भराभर चालू. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांना इंटरनेट मिळाले. त्याच वर्षी इस्रायलमधल्या व्होकलटेक कंपनीने घरच्या संगणकावरून बोलण्याची सोय विक्रीस आणली. १९९६ साली 'आरटीपी' हा रिवाज लिहिला गेला. आवाजाच्या प्रत्येक पाकिटावर अनुक्रमांक आणि वेळेचा शिक्का मारणारा तो हाच. १९९९ साली 'सिप' आला. त्याचे काम घंटा वाजवणे, समोरचा माणूस कुठे आहे ते शोधणे आणि बोलणे संपल्याची वर्दी देणे. घंटेची वाट एक आणि आवाजाची दुसरी असते. घंटा वाजते, फोन उचलला जातो, आणि आवाज मात्र येत नाही, असा अनुभव तुम्हांला आला असेल; त्याचे कारण पुष्कळदा हेच. भारतात इंटरनेटवरून बोलायला मर्यादित परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. २००३ साली एस्टोनिया या चिमुकल्या देशातल्या प्रोग्रामरांच्या हातून 'स्काइप' घडले आणि परदेशी गेलेल्या मुलांशी घरचे लोक पैशाची धास्ती न बाळगता बोलू लागले. ते स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले. २०१६ पासून स्वस्त फोरजी इंटरनेट आपल्या खेड्यांतून पसरले, आणि २०२० साली साथीने सबंध शाळाच त्या चिंचोळ्या दारातून ढकलली.

शिक्षक बंधुभगिनींनो, या इतिहासातून मी तीन गोष्टी उचलल्या. पहिली : रेंज दुबळी असेल तर मुलांना चित्र बंद करायला सांगावे. चित्र हे दारातले मोठे गाठोडे; ते दूर झाले की आवाजाला वाट मिळते. दुसरी : कोणी "तुटतंय" म्हणाले, तर नुसते मोठ्याने ओरडू नये. ओरडल्याने हरवलेले पाकीट परत येत नाही. तेच वाक्य सावकाश, पुन्हा सांगावे. हमी न देणाऱ्या जाळ्यावर ही हमी आपण माणसांनीच एकमेकांना द्यायची असते. तिसरी सर्वांत महत्त्वाची : प्रश्न विचारल्यावर थांबावे. मी आता मनातल्या मनात पाच आकडे मोजतो. ते पाच आकडे संपेपर्यंत 'हिला येत नाही' असे ठरवायचा मला अधिकार नाही. शहरात बसलेल्या मुलाचे उत्तर आधी येते आणि टेकडीवरच्या मुलीचे मागून, यात दोघांच्या अकलेचा काडीमात्र संबंध नाही. असलाच तर दाराच्या रुंदीचा आहे.

पुढच्या तासाला मी सगळ्या वर्गासमोर तिची क्षमा मागितली आणि तोच प्रश्न तिला पुन्हा विचारला. मग थांबलो. एक, दोन, तीन, चार... आणि मग वाऱ्याच्या आवाजातून तिचे उत्तर आले, "सावकाराच्या पत्रानं, सर."

या खेपेला ते सगळ्या वर्गाने ऐकले.